जुन्या वस्तूंत पैसा : नजर असेल तर माल, नसेल तर ओझे

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. ही बातमी घरोघरी पोहोचली आणि तेव्हापासून आमच्या चंद्रपूरच्या कापड दुकानात एक नवेच गिऱ्हाईक येऊ लागले. त्याला कापड नको असते. तो गल्ल्याजवळ येतो, इकडेतिकडे पाहतो, रुमालाची गाठ सोडतो आणि पाच-दहा जुनी नाणी, एखादे पितळी पानदान, नाहीतर काळवंडलेल्या जरीचा तुकडा समोर ठेवतो. "भाईजान, याचे किती येतील?" आम्हाला उर्दू वाचता येते आणि जुने कापड ओळखता येते, एवढ्या भांडवलावर मोहल्ल्याने आम्हाला जाणकार ठरवून टाकले आहे. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा या पानावर एकदाच लिहावे, म्हणून हा खटाटोप.

आधी त्या ११८ कोटींचा हिशेब नीट समजून घेऊ. हुसेन हे १९१५ साली पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलेले गृहस्थ. हे चित्र त्यांनी १९५४ मध्ये काढले. जवळजवळ १४ फूट लांब. त्याच साली दिल्लीत कामानिमित्त आलेल्या एका नॉर्वेच्या डॉक्टराने ते विकत घेतले आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या इस्पितळाला देऊन टाकले. तेथे ते पुढची सहा दशके राहिले. म्हणजे विकत घेतल्यापासून विकेपर्यंत ७१ वर्षे! ज्याने घेतले त्याने भाव वाढेल म्हणून घेतले नव्हते, आणि भाव वाढला तेव्हा तो हयात नव्हता. आपल्यापैकी कोणता व्यापारी ७१ वर्षे पैसा अडकवून बसू शकतो? आमचे गणित लग्नसराईवर, रमजान ईदेवर, गडचिरोलीकडचे धान निघण्यावर आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी मजुराच्या हाती पडण्यावर चालते. नव्वद दिवसांची उधारी वसूल झाली नाही तर सुरतेचा आडत्या फोन उचलत नाही.

आपल्या भागाशी या मोठ्या नावांचा संबंध नाही असे मात्र नाही. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण जंगलात गेले. पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबई, मग १९५० पासून पॅरिस. २०१६ साली वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन झाले. त्यांचे एक चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना विकले गेले. वासुदेव गायतोंडे तर १९२४ साली नागपुरातच जन्मले. दिल्लीला निजामुद्दीनमध्ये एका लहानशा जागेत ते राहिले, २००१ साली गेले, आणि त्यांच्या एका चित्राला २०२१ मध्ये ३९ कोटी ९८ लाख आले. ही रक्कम गायतोंडे यांच्या हाती पडली नाही हे कारीगर वाचकांनी ध्यानात घ्यावे. वाढलेला भाव माल धरून बसणाऱ्याला मिळतो. बनवणाऱ्याला मिळतो तो पहिल्या विक्रीचा दाम.

आणि खोट्या मालाचा धोका किती, ते रझा यांच्याच बाबतीत पाहा. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीत त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. रझा स्वतः तेथे गेले, भिंतीवरची चित्रे पाहिली, आणि त्यांतली बरीचशी आपली नाहीतच, असे त्यांनी सांगितले. प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकार जिवंत होता म्हणून पितळ उघडे पडले. मेलेल्या चित्रकाराच्या नावावर काय काय विकले जात असेल याचा अंदाज आपणच करावा.

मधल्या काळात या चित्रांत गट करून पैसा लावण्याचीही टूम निघाली होती. २००५-०६ च्या सुमारास भाव चढत होते तेव्हा काही मंडळींनी चित्रांचे फंड काढले. थोडाथोडा पैसा जमवायचा, चित्रे घ्यायची, काही वर्षांनी विकून नफा वाटायचा. फेब्रुवारी २००८ मध्ये सेबीने बजावले की नोंदणी केल्याशिवाय असा सामूहिक पैसा गोळा करणे कायद्यात बसत नाही. त्याच वर्षी जगभर मंदी आली, चित्रांचे भाव पडले, गिऱ्हाईक गायब झाले आणि फंडवाल्यांना लोकांचे पैसे परत करताना नाकी नऊ आले. सोने रात्री दहा वाजता सराफाला उठवून विकता येते. चित्राला गिऱ्हाईक येईल त्या दिवशीच ते विकले जाते. चित्रे-मूर्तींविषयी शरीअतचा जो प्रश्न आहे तो ज्याने त्याने आपल्या आलिमांकडे न्यावा. हे पान तिजारतीचे आहे, आम्ही हिशेबापुरतेच बोलतो.

म्हणून कोटींच्या चित्रांचा विषय येथेच सोडू. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत, पेटाऱ्यांत आणि बाजारात जे खरोखर सापडते त्याकडे वळू.

७८६ ची नोट

सर्वांत आधी ७८६ च्या नोटेचा सोक्षमोक्ष लावतो, कारण यात आमच्या घरचेच माणूस फसले. आमचा एक भाचा बल्लारपूरला शिलाईचे काम करतो. ओव्हरलॉक मशीन घ्यायची म्हणून त्याने भिशीत पैसे टाकले होते. त्याच्याकडे दहाची एक नोट होती, आकडा ७८६ वर संपणारी. मोबाईलवर त्याने कुठेतरी तिचा फोटो टाकला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की तीन लाख रुपये देतो. तो धावत दुकानात आला. "मामू, तीन लाख!" आम्ही त्याला थांबायला सांगितले. तो थांबला नाही. आधी नोंदणीची फी, मग टॅक्स, मग रिझर्व्ह बँकेचा दाखला काढायचा खर्च, असे करत तीन हप्त्यांत त्याने १८,५०० रुपये पाठवले. चौथा हप्ता मागितला तेव्हा त्याच्या बायकोने आम्हाला फोन केला. मशीनचे पैसे गेले ते गेलेच.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती पडत नाही आणि यासाठी कसली फी किंवा कमिशन मागत नाही. बँकेचे नाव घेऊन कोणी पैसे मागितले की तो माणूस चोर, एवढे पक्के समजावे.

आता साधा हिशेब करू. नोटेवर सहा आकडे असतात. शेवटचे तीन आकडे ७८६ असण्याचा योग हजारात एक. म्हणजे शंभराच्या दहा गड्ड्या मोजल्या की त्यात एक अशी नोट येणारच. ७८६ मध्ये किंवा सुरुवातीला आलेलेही धरले तर दहा गड्ड्यांत अशा चार नोटा निघतात. जी वस्तू दर हजारात चार निघते आणि छापखाना रोज नव्या छापतो आहे, तिला तीन लाख कोण आणि कशासाठी देईल? शौकाने कोणी पाच-पन्नास रुपये जास्त देईल, ते वेगळे. भाच्याने शेवटी ती नोट बल्लारपूरच्या स्टँडवर चहाला दिली.

रुपया वाचता यायला हवा

नाण्यांचा व्यवहार मात्र खरा आहे, आणि त्यात आपल्या उर्दू शिकलेल्या लोकांना एक सवलत आहे जी पैशाने मिळत नाही. मोगल रुपये घ्या, नागपूरकर भोसल्यांचे रुपये घ्या, त्यांवरची अक्षरे फारसी आहेत. भोसले मराठा असले तरी त्यांनी नाणी मोगल बादशहाच्या नावानेच पाडली. 'जर्ब' या शब्दाच्या पुढे टांकसाळीचे गाव असते, 'जुलूस' या शब्दाजवळ बादशहाच्या राज्यारोहणाचे वर्ष. नाण्याची किंमत बहुतेक वेळा या दोन शब्दांवरच ठरते. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे निम्मा मजकूर नाण्याबाहेर राहतो आणि उरलेल्या अर्ध्या अक्षरावरून गाव ओळखावे लागते. आम्ही नागपूरला नाण्यांच्या प्रदर्शनात असे दुकानदार पाहिले आहेत की ज्यांना यातले एक अक्षर येत नाही, ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून भाव सांगतात. आपल्या उर्दू शाळेतला आठवीचा पोरगा थोड्या सरावाने त्यांच्या पुढे जाईल. घरात उर्दू आहे म्हणून आपण ती नोकरीला निरुपयोगी समजतो, येथे तिला रोकडा भाव आहे.

निजामाचे नाणे आपल्याकडे विशेष सापडते, त्याचे कारण आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला आला. त्यामुळे राजुऱ्याकडच्या घरांत अजून हाली सिक्का निघतो. चारमिनारचे चित्र असलेला हा रुपया हातात घेतला तर मधल्या कमानीत एक अक्षर दिसते. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. महबूब अली १३२९ हिजरीत, म्हणजे १९११ साली वारले, तेव्हा अक्षर बदलले. भोवती निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर असे नाव आणि ९२ हा आकडा आहे. अब्जद हिशेबाने 'मुहम्मद' या नावाचे ९२ होतात. आकड्याचे वेड असलेल्या आमच्या बांधवांनी ७८६ च्या मागे लागण्यापेक्षा हे नाणे ठेवावे, निदान आत चांदी तरी आहे!

चांदी किती, हेही कारीगर-व्यापाऱ्यांना तोंडपाठ हवे. इंग्रजी राजाछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी शेकडा ९१.७ आहे, म्हणजे निव्वळ चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी, ५.८ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅम आणि चांदी शेकडा ८१.८, निव्वळ ९.१ ग्रॅम. ज्या दिवशी विकायचे त्या दिवशीच्या भावाने याला गुणा, तो झाला तळाचा दाम. त्याच्या खाली कोणी मागत असेल तर चहा पाजून निरोप द्यावा. त्याच्या वर किती मिळेल ते नाणे किती दुर्मीळ आणि किती स्वच्छ यावर आहे. साधा १९१७-१८ चा पंचम जॉर्ज घरोघरी आहे, त्याला वर फारसे मिळत नाही. १९३९ चा राजाछाप रुपया मात्र खरोखर विरळा. म्हणूनच बाजारात ३८ चा ३९ कोरून विकणारे बसले आहेत.

ओतीव खोटे नाणेही पुष्कळ फिरते. आम्ही स्वतः ओळखीच्या माणसाकडून ६० रुपये घेतले होते. घाई होती, वर वर पाहिले. घरी येऊन काटा लावला तर १७ नाणी हलकी भरली. अंगावर बारीक खड्डे, कडेला साच्याची रेघ आणि दगडावर टाकले की मातीच्या खापरीसारखा आवाज. ती सतरा आम्ही डबीत ठेवली आहेत आणि शिकायला येणाऱ्या पोरांना तीच आधी हातात देतो. ज्याला खोटे ओळखता आले त्याला खरे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणखी एक. नाणे विकायला आणण्याआधी आपल्या बायका चिंचेने, राखेने घासून लख्ख करून देतात. असे करू नका. शौकिनाला जुनी झाक हवी असते, घासलेल्या नाण्याची किंमत तिथल्या तिथे उतरते. कडी जोडून माळेत ओवलेल्या रुपयांचेही तेच, ते चांदीच्या भावानेच जातात.

आमची चूक, १९९४

कापडाचे सांगायचे तर आधी आमच्या हातून घडलेले सांगावे लागेल. १९९४ साली मरहूम वालिदसाहेबांच्या दुकानात बसायला लागून आम्हाला तीन वर्षे झाली होती. एका जुन्या घराण्याने वाडा मोकळा करताना एक पेटारा आम्हाला विकला. आत नऊ नग होते. दोन पैठण्या, बाकी शालू आणि जरीकाठी लुगडी, रेशीम कुठे कुठे विरलेले, जरी काळी पडलेली. नागपूरहून जुनी जरी घेणारा माणूस फिरतीवर यायचा. त्याने मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात एकेक नग जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, तो दोन दिवस अंगणातून गेला नाही. राख पाखडून, मुशीत घालून त्याने चांदीचा गोळा काढला. बावन्न तोळे भरली. त्या वेळच्या भावाने चार हजारांच्या आसपास आले, पेटाऱ्याची किंमत वजा जाता आम्हाला नऊशे रुपये सुटले. वालिदसाहेबांनी पाठ थोपटली.

जाळण्याआधी अम्मीने एका पैठणीच्या पदराचा हातभर तुकडा कापून घेतला होता. वर असावलीची वेल होती. त्याचा तिने कुरआन शरीफसाठी जुझदान शिवला. २०१६ साली मुंबईहून जुन्या वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई करवती साड्या पाहायला आल्या होत्या. माडीवर चहाला बसल्या असता त्यांची नजर त्या जुझदानावर गेली. परवानगी मागून त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि विचारले, "बाकीचे कापड कुठे आहे?" आम्ही खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, एवढ्या तुकड्याचेच तुम्हाला त्या चांदीपेक्षा जास्त मिळाले असते.

तेव्हा वाचकहो, जरीवाला दारात आला तर काट्यावर कापड घालण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवा. नग फाटका असला तरी पदर आणि काठ शाबूत असतील तर त्याला गिऱ्हाईक असते. आपल्या घरांत हिमरू आणि मशरूही निघतात. मशरूत वर रेशीम आणि अंगाला लागते ती बाजू सुताची. पुरुषाला निव्वळ रेशीम मना, म्हणून विणकरांनी काढलेली ही तोड, आणि नावही त्यावरूनच पडले. आज ते हातमागावर विणणारे थोडे उरले आहेत.

करवती : आपल्या दारचा माल

जुन्याचे झाले. नवा पैसा गुंतवायचा असेल तर आम्ही करवतीचे नाव घेऊ. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर पोसलेला कोसा हा आपल्या जंगलाचा माल. आरमोरीकडचे ढिवर तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. नागभीडकडचे आणि भंडारा जिल्ह्यातले कोष्टी तो विणतात. करवतीचा काठ करवतीच्या दातांसारखा. अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन, असे तीन धोटे चालवून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा असतो. त्यामुळे काठाचा रंग काठातच राहतो, अंगात उतरत नाही. उलट बाजूने बघा, जोड साफ दिसला पाहिजे. यंत्रावरच्या नकलेत हे साधत नाही. सूत ओळखायला काठाजवळचा एक धागा काढून जाळावा. रेशीम असेल तर राख चुरगळते, पॉलिस्टर असेल तर कडक गोळी होते. सिल्क मार्कची चिठ्ठी असेल तर उत्तमच, पण चिठ्ठी रेशमाची हमी देते, हातमागाची देत नाही.

२०१७ पासून आम्ही दरवर्षी दोन करवती विकण्यासाठी न ठेवता बाजूला काढतो. विणकराच्या घरी जाऊन घेतो, बिलावर त्याचे नाव, गाव, महिना आणि किती दिवस मागावर होती हे लिहून घेतो, तो सही करतो. पहिल्यांदा त्याला हसू आले होते. "शेठ, लुगड्याला कधी दाखला असतो का?" असतो भाऊ, त्यालाच पुढे पैसे येतात. आतापर्यंत तीन नग विकले. त्यांतला एक २०१८ मध्ये नऊ हजारांना घेतलेला, २०२४ मध्ये एकवीस हजारांना गेला. ऐकायला बरे वाटते, पण खोटे कशाला बोलू? त्या सहा वर्षांत सोनेही दुपटीच्या वरच गेले होते आणि सोन्याला सांभाळायला काही लागत नाही. करवतीला लागते. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांचा आणि पावसाळ्यात भिंतीला उधई. प्लास्टिकमध्ये ठेवाल तर दमटपणाने डाग पडतील. मऊ सुती कापडात गुंडाळा, दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. मग आम्ही हा उद्योग का करतो? कारण कापड आम्हाला ओळखता येते, आणि विणकराच्या घरात पडत्या हंगामात दोन नगांचे पैसे पडतात. दुकानाच्या फिरत्या भांडवलातला एक पैसा आम्ही यात घालत नाही. वर्षाच्या शेवटी घरखर्च आणि देणी जाऊन उरेल त्यातलेच.

ज्याला हात लावू नये

आपण जंगलच्या जिल्ह्यांत राहतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. जुन्या घरांत वाघनखांची लॉकेटे, हस्तिदंती मुठी, सांबराची शिंगे, कातडी असतात. आजोबांच्या शिकारीची असोत, कितीही जुनी असोत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. २००३ साली सरकारने असा माल जाहीर करायला मुदत दिली होती, त्यात नोंद केलेलाही विकता येत नाही. ताडोब्याच्या आसपास कोणी अशी वस्तू 'अँटिक' म्हणून दाखवली तर पाहायलासुद्धा थांबू नये.

दुसरे गुप्तधन. शेतात, पडक्या गढीत हंडा सापडला तर तो सापडणाऱ्याचा होत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत मिळाला की कलेक्टरला कळवावे लागते. मालकी सांगणारा कोणी निघाला नाही आणि सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला. सरकारने घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. लपवला तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे, ज्याला राइस पुलर म्हणतात, ती तर निव्वळ ठगी. त्यात आपले चांगले शिकलेले लोक लाखांनी बुडाले आहेत.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायचा तर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. हा १९७२ चा कायदा १९७६ पासून लागू आहे. घरची एखादी वस्तू देशात विकणे वेगळे, दुकान मांडणे वेगळे. जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी असते, ती आधी पाहावी. इन्कम टॅक्समध्ये दागिने, चित्रे, शिल्पे, पुरावस्तूंचे संग्रह यांना घरगुती वापराच्या वस्तूंची सूट नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकल्यास जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के. जकातीचे म्हणाल तर विकण्याच्या नियतीने घेतलेला नग हा तिजारतीचा माल, वर्षअखेरीच्या बाजारभावाने अडीच टक्के. चांदीची नाणी तर चांदीच. तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

राजुऱ्याच्या खाला

गेल्या हिवाळ्यात राजुऱ्याहून एक खाला नातवाला घेऊन आल्या. रुमालात ४७ रुपये होते. नातीच्या लग्नाला पैसे हवे होते. एका दलालाने 'निजामाची चांदी हलकी, कोणी घेत नाही' असे म्हणून सगळ्यांचे मिळून इतके कमी सांगितले होते की आम्हाला राग आला. काटा आणला, दुपारचे दुकान मुलावर सोडले आणि एकेक नाणे उजेडाला धरून वाचले. ४१ चारमिनारचे, बहुतेक 'ऐन' वाले. पाच 'मीम'. आणि एक त्यांच्याही आधीचा, हाताने ठोकलेला, ज्याच्यावर 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद' ही अक्षरे अर्धीमुर्धी दिसत होती. नातवाला आम्ही ती बोट ठेवून वाचायला लावली. दहावीला उर्दू घेतलेला पोरगा, दुसऱ्या खेपेला त्याने बरोबर वाचले.

चाळीस नाणी त्या दिवसाच्या चांदीच्या भावावर थोडे वर देऊन नागपूरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली, पक्की पावती दिली, रक्कम खालांच्या बँक खात्यात गेली. दलालाने सांगितले होते त्याच्या दुपटीहून थोडी जास्त भरली. हाताने ठोकलेला रुपया त्याने वेगळा मागितला आणि भावही बरा सांगितला. खालांनी नातवाकडे पाहिले, तो रुपया, पाच 'मीम' आणि एक 'ऐन' परत रुमालात बांधले आणि म्हणाल्या, लग्नाचे भागले, आता हे याच्याकडे राहू दे, वाचता येते त्याला.